सव्वीस, एकोणपन्नास, एकाहत्तर, बेचाळीस

"भुंग्या, आता लपायची पाळी तुझी. गोदामाबाहेर जायचं नाही आणि वॉकीटॉकी बंद करायचा नाही. कळलं?"

"कळलं, ताई. ओव्हर."

"अरे, तू माझ्यासमोरच उभा आहेस. समोर असताना ओव्हर म्हणायचं नसतं."

"बरं. ओव्हर," असं म्हणून भुंगा जो पळाला तो खोक्यांच्या रांगेत दिसेनासा झाला.

भुंगा सात वर्षांचा होता. जेवताना, चित्र काढताना, बूट घालताना त्याच्या तोंडून सारखी बारीक गुणगुण चालू असायची, म्हणून त्याचं नाव भुंगा. घाबरला की ही गुणगुण आणखी वाढायची. त्याच्या बहिणीला सगळे बेरीज म्हणत. दिसेल त्या आकड्याची बेरीज करण्याची तिला खोड होती. गाड्यांचे नंबर, दुकानांचे फोन, बिस्किटांच्या पुड्यावरची किंमत, काहीही तिच्या तावडीतून सुटत नसे. सुट्टीत आई कामावर जाताना दोघांना काकांच्या गोदामात सोडायची. तिथे काकांचा मुलगा असायचा. त्याची उंची वर्षभरात इतकी वाढली होती की त्याला उंट याशिवाय दुसरं नाव शोभलंच नसतं. आणि उंटाच्या शेजारची शिट्टी.

शिट्टीला शिट्टी का म्हणतात हे त्या सकाळी साऱ्या गोदामाला कळलं होतं. तिने तोंडात दोन बोटं घालून सहज म्हणून एक लांबलचक शिट्टी मारली, आणि फोर्कलिफ्ट जागच्या जागी थांबल्या. मालाची एक गाडीही करकचून थांबली. मुकादम चहाचा कप घेऊन धावत बाहेर आला.

"कोणी मारली? इथे लांब शिट्टी म्हणजे सगळं काम बंद, माहीत आहे? कुणाच्या पायावर खोकं येत असलं तरच मारायची असते ती. पुन्हा मारलीस तर घरी पाठवीन."

शिट्टीने मान खाली घातली आणि मुकादमाची पाठ वळताच हळूच म्हणाली, "पण आवाज काय मस्त घुमला ना."

ते गोदाम होतंच तसं, घुमणारं. माणसं घर बदलतात, दूर देशी नोकरीला जातात. नवं घर लागेपर्यंत त्यांचा संसार या गोदामात राहायचा. प्लायवूडची मोठाली खोकी असायची, एकेक चांगलं छोट्या खोलीएवढं. आतून जाड गाद्यांचं अस्तर. सामान भरून झालं की पुढची फळी स्क्रूने बसवायची, वर सील लावायचं, आणि फोर्कलिफ्टने उचलून खोकं थरावर चढवायचं. प्रत्येक खोक्यावर आठ आकडी नंबर असे. बाहेरही आणि आतही, कारण फळ्यांची अदलाबदल होऊ शकते असं बाबांचं म्हणणं होतं.

ते नंबर बाबांचे होते. गोदाम आधी काका आणि बाबा मिळून चालवत. बाबा गेल्यापासून काका एकटेच. नंबर रंगवायचा पत्र्याचा साचा अजून बाबांच्या खुंटीवर टांगलेला होता. बेरीज त्याच्याकडे सहसा बघत नसे.

वॉकीटॉकी खरखरला.

"मी मऊमऊ जागेत आहे. गादीच्या मागे. ओळखा. ओव्हर."

"गादी तर इथे प्रत्येक खोक्यात आहे," उंट म्हणाला. "हा काय सुगावा झाला? दुसरा दे म्हणावं."

ते भरायला ठेवलेल्या खोक्यांपर्यंत पोचले तेव्हा पुन्हा आवाज आला.

"इथे अंधार झाला. कुणीतरी दार लावलं. ओव्हर."

"हा जरा बरा सुगावा आहे," शिट्टी म्हणाली. "दार असलेली जागा. संडास?"

तिघं हसले. बाथरूमचं दार वाजवून आले. आतून एक अनोळखी माणूस ओरडला तेव्हा पळत सुटले. मग तिसऱ्यांदा आवाज आला.

"ताई, दार उघडत नाहीये."

बेरीज जागीच थांबली. वाक्य काही मोठं नव्हतं. पण भुंगा ओव्हर म्हणायला विसरला होता. बाबांनी ते वॉकीटॉकी आणले त्या दिवसापासून तो झोपेतसुद्धा ओव्हर म्हणायचा.

"भुंग्या, तू खोक्यात शिरलास का? भरलेल्या?"

"अर्धं भरलं होतं. मी गादीच्या मागे गेलो. मग त्यांनी फळी लावली. मला वाटलं, तूच लावलीस. खेळातली."

"मोठ्याने ओरड. आम्ही ऐकतो."

तिघं श्वास रोखून उभे राहिले. छताचे पंखे घरघरत होते, दोन फोर्कलिफ्ट मागेपुढे करत होत्या. भुंग्याचा आवाज फक्त वॉकीटॉकीतून येत होता. जाड अस्तराने बाकी सगळा गिळला होता.

"हवा गरम आहे," तो म्हणाला. आता मधूनमधून गुणगुण ऐकू येऊ लागली होती.

"घाबरू नकोस. वॉकीटॉकीचा दिवा लाव. आत कुठेतरी मोठा नंबर रंगवलेला असेल, काळा. दिसला?"

"दिसला. बाबांचा."

"दोन-दोन आकडे घेऊन वाच. बाबा वाचायचे तसं."

बेरीजने पेन काढलं आणि तळहात पसरला.

"सव्वीस," भुंगा म्हणाला. "मग... एकोणपन्नास. एकाहत्तर. बेचाळीस."

"शाबास. आता पुन्हा वाच, पण एकेक अंक सुटा..."

"ताई, खोकं हललं."

एवढं बोलून वॉकीटॉकी खर्र करून गप्प झाला. बेरीजने बटण दाबून हाका मारल्या, पण पलीकडून उत्तर आलं नाही. भुंग्याकडच्या वॉकीटॉकीचे सेल बदलायला हवेत असं सकाळी उंट म्हणाला होता, आणि मग कुणीच बदलले नव्हते.

मुकादमाची काचेची केबिन गोदामाच्या मध्यावर होती. काका गोदीवर गेले होते आणि फोन उचलत नव्हते. उंट पुन्हा पुन्हा लावत होता.

"खोक्यात?" मुकादम म्हणाला. "अशक्य. मी स्वतः आत डोकावतो, मगच फळी बसते. बसला असेल कुठेतरी जिन्याखाली तुमची गंमत बघत."

"त्याने आतला नंबर वाचून दाखवला," बेरीजने हात पुढे केला. "हा बघा."

मुकादमाने सुस्कारा सोडून नंबर कॉम्प्युटरवर टाकला. २६४९७१४२. मग पडदा मुलांकडे वळवला.

"बघा. असं खोकं या गोदामात नाही. कधी नव्हतंच. पोराने मनाने ठोकून दिलाय नंबर. मुलांनो, मला तीन गाड्या रवाना करायच्या आहेत."

"निदान काम तरी थांबवा ना थोडा वेळ," शिट्टी म्हणाली. "त्याचं खोकं हललंय."

"सकाळपासून ढीगभर खोकी हलली आहेत. नसलेल्या नंबरासाठी सगळी उतरवू? प्रत्येकाचं सील तोडू? तुझे वडील भरणार आहेत का नुकसान?"

बाहेर पायरीवर येऊन बेरीज बसली. आतली हवा गरम आहे, असं भुंगा म्हणाला होता. अजून किती वेळ पुरेल, हा विचार मनात येऊ न देण्यासाठी तिने तळहाताकडे पाहिलं आणि सवयीने बेरीज करायला घेतली.

सव्वीस आणि एकोणपन्नास, पंचाहत्तर. पंचाहत्तर आणि एकाहत्तर, एकशे शेहेचाळीस. आणि बेचाळीस. एकशे अठ्ठ्याऐंशी.

"नसणारच," ती म्हणाली.

"काय नसणार?" उंटाने कानाचा फोन खाली घेतला.

"असं खोकं असूच शकत नाही. बाबांचा प्रत्येक नंबर नव्व्याण्णवने भागला जातो. एकूण एक. ते आधी सहा आकडे ठरवायचे आणि शेवटचे दोन असे निवडायचे की भाग जाईल. म्हणजे रंगवताना कुणी चूक केली तर लगेच पकडता येते."

"आठ आकड्यांना नव्व्याण्णवने भागून बघायचं? रोज?"

"भागायचं नाही. जोड्यांची बेरीज करायची. शंभर म्हणजे नव्व्याण्णव आणि वर एक, म्हणून प्रत्येक शंभरामागे एकच सुटा उरतो. जोड्या मिळवल्या की नव्व्याण्णव, एकशे अठ्ठ्याण्णव किंवा दोनशे सत्त्याण्णव यायलाच हवेत. इथे एकशे अठ्ठ्याऐंशी आलेत."

"म्हणजे मुकादमकाका म्हणतात तेच खरं," शिट्टी घाबरत म्हणाली. "भुंग्याने मनानेच..."

"नाही. दिसलेला नंबर त्याने चुकीचा वाचला. चूक कुठे झाली ते शोधायचं."

"उलटा वाचला असेल," उंट म्हणाला. "मीसुद्धा दुसरीत तसंच करायचो. बाई सदतीस म्हणायच्या, मी त्र्याहत्तर लिहायचो. आधी सात ऐकू येतो, मग तीस. मी तरी काय करणार?"

बेरीजने नकारार्थी मान हलवली.

"उलटा नाही. सदतीस आणि त्र्याहत्तर यांत फरक छत्तीसचा. बारा आणि एकवीस, नऊचा. कुठलाही आकडा उलटा, फरक नऊच्या पाढ्यातलाच येतो. एक उलटा की दोन, तरी तेच. आपल्याला दहा कमी पडताहेत. दहा नऊच्या पाढ्यात नाही."

"मग नव्व्याण्णवपर्यंत खाली ये की."

"एकोणनव्वद जास्त होतात. तेही नाही. दोनशे सत्त्याण्णवला एकशे नऊ कमी. तेही नाही. त्याने कुठेतरी नेमके दहा खाल्लेत. कुठलं तरी एक दशक."

उंटाने तिचा हात ओढून घेतला आणि तिच्याच पेनने स्वतःच्या मनगटावर भराभर लिहिलं. दहा पहिल्या जोडीत टाकले तर छत्तीस. दुसऱ्या जोडीत टाकले तर एकोणसाठ. नाहीतर एक्क्याऐंशी. नाहीतर बावन्न.

"चारच नंबर," तो म्हणाला. "चल."

"आता काय?" मुकादम म्हणाला.

"मुकादमकाका, फक्त चार नंबर टाकून बघा," बेरीज म्हणाली. "एकही निघाला नाही तर आम्ही पुन्हा येणार नाही."

चार म्हटल्यावर लवकर सुटका होईल असं त्याला वाटलं असावं. त्याने पहिला टाकला, ३६४९७१४२, आणि एकदम पुढे वाकला. पडद्यावर माहिती आली होती. मागची रांग, वरचा थर, नुकतंच चढवलेलं.

"हे आहे," तो हळू म्हणाला. त्याच्या आवाजातला वैताग गेला होता. "हे मीच बंद करून घेतलं. मी... मला आठवतंय, मी गाडीची कागदपत्रं बघत होतो तेव्हा." तो ताडकन उठला.

"बाकीचे पण टाका," बेरीज म्हणाली.

"सापडलं ना आता?"

"टाका ना काका."

दुसरा नंबर. २६५९७१४२. हाही होता. आजच भरलेला, गोदीकडे जाणाऱ्या गाडीवर चढवलेला. तिसरा नव्हता. चौथाही नव्हता.

काचेपलीकडे पाहिलं तर ती गाडी फाटकाजवळच्या वजनकाट्यावर उभी होती. इंजिन चालू होतं.

"दोनांतलं एक," मुकादम म्हणाला. कपाळावर घाम फुटला होता. "आधी इथलं उघडू. ते आपल्या हातात आहे."

"आणि गाडी?" शिट्टीने विचारलं.

"गाडी अडवली तर बोट चुकेल. इथे नाही निघाला तर ड्रायव्हरला फोन करू, वाटेत उघडेल तो."

"तो गाडी चालवताना फोन उचलत नाही," उंट म्हणाला. "पप्पा नेहमी चिडतात त्यावरून."

पण मुकादम फोर्कलिफ्टच्या दिशेने धावत सुटला होता.

बेरीज हलली नाही. दोन खरे नंबर. दोन्ही नव्व्याण्णवने भागले जाणारे, दोन्हींत काही खोट नाही. गणिताने तिला इथपर्यंत आणून सोडलं होतं आणि आता ते गप्प होतं. तिने डोळे मिटले आणि भुंग्याचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. सव्वीस. मग तो थांबला होता. "मग..." म्हणाला होता. आणि मग एकोणपन्नास.

तो का थांबला?

"उंटा, काल बागेत जाताना आपण चुकीच्या बसमध्ये का चढलो?"

"ही वेळ आहे का ते उकरून काढायची? भुंगा पुढे होता, तो ओरडला एकोणतीस नंबर आली, आपण मागून पळत जाऊन चढलो. निघाली एकोणचाळीस."

"पाटीवर तीन आणि नऊ होते. तीन दिसला की तो तीस म्हणतो, आणि नऊ दिसला की पुढे एकोण लावतो. एकोणतीस."

शिट्टीने तोंडावर हात ठेवला. "मग पाच आणि नऊ असले तर..."

"पाच म्हणजे पन्नास. एकोणपन्नास. तो गाडीवर आहे."

"आणि तू चुकत असलीस तर?" उंटाने विचारलं. तो चिडवत नव्हता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"म्हणून तू मागच्या रांगेत जा. ते खोकं उघडायला लाव. आम्ही फाटकाकडे जातो."

उंट वळला, लांब ढांगा टाकत गेला. दोघी मुली विरुद्ध दिशेने सुटल्या.

अंगण आधी कधी एवढं मोठं वाटलं नव्हतं. गाडी वजनकाट्यावरून खाली उतरली. फाटकाचा दांडा वर जाऊ लागला. बेरीज हात हलवत ओरडत होती, पण इंजिनापुढे तिचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू येत नव्हता.

"शिट्टी, मार."

शिट्टीने पळता पळता बोटं तोंडात घातली. नुसती हवा आली. फुस्स.

"तोंड कोरडं पडलंय," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"थांब. श्वास घे. मग मार."

गाडीचं पुढचं चाक फाटकाबाहेर गेलं. शिट्टी उभी राहिली, तिने ओठ चाटले, डोळे मिटले आणि बोटं पुन्हा तोंडात घातली.

ती शिट्टी रस्त्यापलीकडच्या दुकानातही ऐकू गेली असं लोक नंतर सांगत होते. गोदामातल्या फोर्कलिफ्ट जागच्या जागी थांबल्या. मागच्या रांगेतलं खोकं निम्म्यावर अधांतरी लटकलं. आणि गाडीने फाटकात करकचून ब्रेक लावला.

ड्रायव्हर खाली उतरला. जाडजूड, मिशीवाला माणूस होता. "कोण चिरडलं?" त्याने विचारलं. त्याने आधी चाकांखाली वाकून पाहिलं.

"कुणी नाही," बेरीज धापा टाकत म्हणाली. "माझा भाऊ तुमच्या गाडीत आहे. खोक्यात."

गाडीवर तीन खोकी होती. मधल्यावर बाबांच्या साच्यातले काळे अंक होते. २६ ५९ ७१ ४२. बेरीज चाकावर पाय देऊन वर चढली आणि तिने फळीला कान लावला.

काही नाही.

तिने मुठींनी फळी वाजवली. "भुंग्या!"

काही नाही.

"पोरी, नुसतं सामान आहे गं त्यात," ड्रायव्हर म्हणाला. "गोदीत माझी वेळ ठरलेली आहे."

भुंगा एकोणपन्नासला अडखळून थांबला होता, की खोकं हललं म्हणून थांबला होता? तिने मागे पाहिलं. दूर गोदामात उंट दोन्ही हातांनी खुणा करत होता. तिकडचं अजून उघडलं नव्हतं.

"इंजिन बंद करा," ती म्हणाली.

"अगं पण..."

"काका, फक्त एकदा इंजिन बंद करा."

ड्रायव्हरने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग वर चढला आणि किल्ली फिरवली.

इंजिन शांत झालं. शिट्टीमुळे गोदाम आधीच शांत होतं. बेरीजने पुन्हा कान लावला. लाकूड उन्हाने तापलं होतं. खूप आत, गाद्यांच्या पलीकडे, कुठेतरी एक बारीक आवाज चालू होता. थांबत होता, पुन्हा सुरू होत होता.

गुं. गुं. गुं.

"आहे," ती म्हणाली. "तो आहे."

ड्रायव्हरनेही कान लावला. त्याने पक्कड काढली, सीलवर धरली आणि सवयीने म्हणाला, "सील तोडल्याचा जबाब कोण देणार?"

"मी," बेरीज म्हणाली.

"मीपण," शिट्टी म्हणाली.

"राहू दे, मीच देईन," ड्रायव्हर म्हणाला आणि सील कटकन तुटलं.

एकेक स्क्रू सुटायला युगं लागत होती. शेवटचा निघाला आणि फळी बाजूला झाली. आतली कोंडलेली, गरम हवा तोंडावर आली. गादी ओढली तर मागे, कपाटाच्या आणि गुंडाळलेल्या गालिच्याच्या मधे, भुंगा गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. केस घामाने कपाळाला चिकटले होते. ओठ सुकले होते. बंद पडलेला वॉकीटॉकी त्याने दोन्ही हातांनी कानाशी धरला होता.

त्याने डोळे किलकिले केले.

"ताई, मी ओव्हर म्हणायला विसरलो."

बेरीजने त्याला उचललं. तो आता तिला उचलवत नसे, पण त्या वेळी उचलला गेला.

काका आले तेव्हा भुंगा केबिनमध्ये पंख्यासमोर बसून तिसरा पेला पाणी पीत होता. डॉक्टर तपासून गेले होते. आई कामावरून तशीच धावत आली होती. ती भुंग्याच्या केसांतून हात फिरवत होती.

मुकादम समोर उभा होता. "मी आत बघितलं नव्हतं," तो म्हणाला. "दोन्ही खोक्यांत नाही. आणि मुलं सांगत होती तर त्यांनाच खोटं पाडलं." त्याने बेरीजकडे पाहिलं. "माफ कर पोरी."

"उद्यापासून फळी लावण्याआधी आत दिवा लावून बघायचं आणि हाक मारायची," काका म्हणाले. "प्रत्येक खोक्याला. आणि पोरांनो, गोदामातली लपाछपी आजपासून बंद. परवानगी मीच दिली होती, ते चुकलंच माझं." मग ते शिट्टीकडे वळले. "आणि तू गं. तुझी ती शिट्टी गोदीपर्यंत येते का?"

"प्रयत्न केला तर येईल," शिट्टी म्हणाली.

"नको करूस. पण आज मारलीस, ते फार चांगलं केलंस."

उंट म्हणाला, "मी चारही नंबर काढले. ते कुणी सांगतच नाहीये."

"मनगटावर काढलेस ना? मग घरी जाईपर्यंत धुऊ नकोस. आईला दाखव," काका म्हणाले, आणि बऱ्याच वेळाने पहिल्यांदा सगळे हसले.

मग काकांनी भिंतीवरच्या खुंटीवरून पत्र्याचा साचा काढला. थोडा वेळ तो नुसता हातात धरला.

"तुझ्या बाबांचा हा नव्व्याण्णवचा नियम," ते बेरीजला म्हणाले, "मला वाटायचं, दादाची हौस आहे. आम्ही नंतर कॉम्प्युटर आणला, त्यात तो घातलाच नाही. घातला असता तर त्याने 'असं खोकं नाही' एवढंच म्हटलं नसतं, 'वाचताना चूक झाली' असं सांगितलं असतं." त्यांनी साचा तिच्यापुढे धरला. "सोमवारी नवीन खोकी यायची आहेत. पहिला नंबर तू काढ."

बेरीजने साचा घेतला. कडेला जुना काळा रंग अजून चिकटलेला होता.

संध्याकाळी घरी आईने तीन ताटं घेतली. भुंगा नेहमीसारखा गुणगुणत होता, आणि आज त्याला कुणी गप्प बस म्हणत नव्हतं. बेरीजने कागदावर तो नंबर मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्यापुढे ठेवला. २६५९७१४२.

"हे बघ. जोड्यांतला पहिला पहिला अंक घे. दोन, पाच, सात, चार. किती?"

भुंग्याने बोटं मोजली. "अठरा."

"आता दुसरा दुसरा. सहा, नऊ, एक, दोन."

"अठरा." तो चमकला. "सारखेच?"

"दोन्ही पारडी सारखी. तू वाचलास तेव्हा इकडे सतराच झाले होते. एक कमी पडला होता. एकोण म्हणजे तेच, एक उणा. नऊ दिसला की पुढच्या दशकाकडे बघायचं. पाच आणि नऊ. पन्नास मागे गेले. पुढे कोण आहे?"

"साठ."

"साठाला एक कमी."

"एकोणसाठ," भुंगा म्हणाला. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "बाबा सांगणार होते हे. पुढच्या सुट्टीत शिकवतो म्हणाले होते."

"हो," आई म्हणाली. "म्हणाले होते."

भुंगा विचार करत राहिला. त्याने टेबलावरच्या ताटांकडे पाहिलं, आईकडे, ताईकडे, आणि चौथ्या खुर्चीकडे.

"मग तीनला एकोणचार का नाही म्हणत?"

आईचा वाढता हात थांबला. बेरीजने तिच्याकडे पाहिलं. आईने डाव हळूच खाली ठेवला.

"आपण म्हणूया," ती म्हणाली. "आपल्या घरात चालेल."

भुंग्याने वॉकीटॉकी उचलला. त्यात अजून नवे सेल घातले नव्हते. तरीही त्याने बटण दाबलं आणि तोंडाजवळ धरला.

"आम्ही एकोणचार जण जेवायला बसलो आहोत. ओव्हर."

समोर असताना ओव्हर म्हणायचं नसतं, असं बेरीज या वेळी म्हणाली नाही.